एका उशीवरचं वाचन

शेजारच्या गाळ्यातले काका हळदीचे व्यापारी. सांगलीच्या बाजारात माल धरून भावाची वाट बघण्यात त्यांची हयात गेली. चहासुद्धा निवल्याशिवाय पीत नाहीत. अंथरुणात पडून वाचायला ई-इंक रीडर घ्यायचा म्हणाले, तेव्हा मी छोटा सुचवला.

"बारका एकट्याला बास हाय. आमी दोघं एका उशीवर वाचतो. ही लय सावकाश वाचती. तिचं झालं की मी पान उलटतो."

मोठ्या स्क्रीनचा भाव उतरेल म्हणून ते वर्षभर थांबले. तेवढ्यात काकू गेल्या.

परवा त्यांनी मोठाच आणला. "हितं थांबाय नको हुतं गड्या," एवढंच बोलले आणि मला दाखवायला दुकानातल्या गादीवर आडवे झाले. रीडर उजवीकडं कलता धरलेला. पान वाचून संपलं. बोट स्क्रीनपाशी गेलं आणि तसंच थांबून राहिलं.