नापसंत रुपया

लष्कर शहरात त्या काळी नाण्यांचे जाणकार पैशाला पासरी होते. पण नई सडकेवरच्या दिनकरराव पोतदारांनी एकदा ‘खरं’ म्हटलं की सरदारसुद्धा पुन्हा विचारत नसत. माणूस घुम्या. पान नाही, सुपारी नाही. का, तर जीभ बिघडते! नाणं आधी दगडावर टाकून ते त्याचा नाद ऐकत, मग काठ जिभेला लावत. खोटं ठरलं तर पेढीचा रिवाज कडक होता: पारख्यानं स्वतःच्या हातानं छिन्नी मारून त्याचे दोन तुकडे करायचे. त्यावर कुणी हरकत घ्यायची नाही.

१९०९च्या सुमाराला बड्या लोकांना नवाच छंद जडला होता. टांकसाळीत नवा रुपया काढायचा तर आधी थोडे नमुने पाडून मंजुरीला पाठवत आणि नापसंत झाले की वितळवून टाकत. त्यातून निसटलेल्या नमुन्यांसाठी सरदार मानसिंगराव अक्षरशः वेडे झाले होते. एका बाजूला सूर्य आणि काठ गुळगुळीत, असा एक रुपया त्यांच्याकडे होता. त्याचा जोडीदार कुठंतरी असणार, हे त्यांचं पालुपद. दिनकरराव मान खाली घालून ऐकून घेत. जोडीदार कुठं गेला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

टांकसाळीच्या दारोग्यानं तो त्यांनाच भेट दिला होता. तीन वर्षांमागं प्लेगात सगळं गाव माळावर झोपड्या बांधून राहिलं, तेव्हा त्यांची बायको शरयू तिथंच गेली. मुखात घालायला सोन्याचा मणीही जवळ नव्हता. मग त्यांनी कनवटीचा तो रुपया तुळशीपत्रासह तिच्या जिभेखाली ठेवला. ते स्वतः तापानं फणफणलेले. घाटावर तिला दुसऱ्यांनीच नेलं; परत येऊन ‘आटोपलं’ एवढंच सांगितलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दुपार कलली तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि सगळे सुटले. वर्षभरात पद्मा घरात आली, पाळणा हलला. माणसाला जगावं तर लागतंच, त्यात गैर काय!

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी मानसिंगराव दुकानात बसले असताना दुर्गा आली. स्टेशनाकडच्या पडावाजवळ तिची खानावळ होती. पदराची गाठ सोडून तिनं एक रुपया गादीवर ठेवला. सूर्याचा! मानसिंगराव उठून उभेच राहिले.

“कुठून आणलास गं हा?”

“माझ्याकडे एक बाई उतरली आहे, सरकार. तिनं दिला. म्हणाली, फक्त पोतदारांनाच दाखव. आणि तोंडातून काढून दिला बघा! लोक चीजवस्तू संदुकीत ठेवतात, ही जिभेखाली ठेवते. बडी अजीब बाई आहे.”

दिनकररावांनी रुपया दगडावर टाकला. नाद उमटला आणि थांबेचना. मानसिंगराव दोनदा खाकरले तरी तो चालूच होता. चितेतून गेलेल्या चांदीचा नाद बसतो. हा रुपया आगीत गेलेलाच नव्हता. सूर्याच्या खाली त्यांच्याच कानशीची बारीक खूण होती. सवय ती सवय, काठ जिभेला लागला. तुळस! आत्ता खुडल्यासारखी ओली तुळस.

“ती कशी आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“घाटावरून उठून आले म्हणते. लाकडं यायला देर झाली, तेवढ्यात हिला होश आला. लोक भूत समजून भागले. मग बैराग्यांबरोबर मथुरेला राहिली. मी म्हटलं, बाई, आता घरी जा ना! तर म्हणे, घाटावर नेलेल्या माणसानं बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडू नये.” दुर्गाचा आवाज खाली आला. “रोज पान वाढते, ते तसंच राहतं. दिवा लावला की विझव म्हणते.”

वर माडीवर पद्मा बाळाला जोजवत होती. दिनकररावांनी वर पाहिलं. खरं म्हणावं, तर उद्या ती दारात उभी. ती शरयू असली तर पद्माचं काय? आणि शरयू नसली तर? तो विचार त्यांच्यानं पुरा करवेना. त्यांना भीती वाटली, अगदी भेकडासारखी भीती.

“चांदी खरी आहे,” ते म्हणाले, “ठसा खोटा.”

मानसिंगराव मटकन खाली बसले. “मग कापा.”

एका घावात सूर्य दुभंगला. या खेपेला आवाज आलाच नाही.

दुर्गानं तुकड्यांना हात लावला नाही. “असू द्या तुमच्याकडेच. ती बोलली होती, खरा ठरला तर समजेन, घरचं बोलावणं आलं. आणि कापला तर रडू नकोस, दुर्गे. म्हणजे मी तेव्हाच गेले होते.”

“अगं, पण ही बाई कोण?” मानसिंगरावांनी विचारलं.

“नाव नाही सांगितलं. म्हणाली, पोतदार सांगतील.”

दोघंही दिनकररावांकडे पाहत राहिले.

“मी ओळखत नाही,” दिनकरराव म्हणाले.

दोघं गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि मागच्या विहिरीवर जाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर गार पाणी ओतून घेतलं. एक घागर, मग दुसरी. पद्मा कंदील घेऊन धावत आली. नेसत्या कपड्यांनिशी माणूस डोक्यावरून आंघोळ कधी करतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“अगंबाई! कोण गेलं हो?”

“कोणी नाही,” ते म्हणाले. “पानं घे.”