फाटकातली टोपली

एनेलेसी चिम्वाझा आमच्या शाळेत लापशी शिजवते. पगार नाही. गावातल्या बायकांनी पाळीपाळीने करायचं काम आहे हे, पण बाकीच्यांच्या पाळ्या येतात नि जातात, एनेलेसी रोज असते. मलावीतल्या या टेकड्यांवरच्या तीन शाळांना मदत करायला मी दोन वर्षांसाठी आले होते. आता आठवं चालू आहे. माझी खोली तिच्याच अंगणात. सगळे तिला मायी म्हणतात, मीही म्हणते.

त्या जानेवारीत माझ्या इचलकरंजीच्या दोन मैत्रिणी, रोहिणी आणि सुमित्रा, पंधरा दिवस राहायला येणार होत्या. नेमकं तेव्हाच शाळेचं पीठ संपलं. एक संस्था शहरातून पीठ पाठवायची, या वेळी गाडी आलीच नाही. घरोघरचा मका तळाला गेलेला, शेतातली कणसं अजून कोवळी. लापशी बंद झाली आणि चार दिवसांत निम्मे वर्ग ओस पडले.

पाचव्या दिवशी मायी शाळेच्या फाटकात टोपली घेऊन उभी राहिली. टोपलीवर कापड झाकलेलं.

"घरी पीठ असेल त्याने मूठभर आणायचं," ती पोरांना म्हणाली. "नसेल त्याने नुसती मूठ कापडाखाली घालून काढायची. पण हात सगळ्यांनी घालायचा."

कुणाची मूठ भरलेली, कुणाची रिकामी, तिलाही दिसत नव्हतं. लापशी पातळ झाली, पण चूल पेटली. आठवड्याभरात पोरं परत आली.

"मैत्रिणींना येऊ नका म्हणून कळवते," मी म्हटलं.

"का? आजारी आहेत?"

"मायी, घरात काय उरलंय आपल्या?"

"ते मी बघेन. तू त्यांना पिठाचं काही बोललीस तर याद राख."

पाहुण्या आल्या त्या संध्याकाळी तिने एकुलता एक कोंबडा कापला आणि मानाचे तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. दोघी शाकाहारी. हे सांगायचं माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

"यांचं कोंबड्यांशी काही भांडण आहे का?" मायीने मला विचारलं.

"त्या मांसच खात नाहीत."

"इतकी वर्षं माझ्या अंगणात राहतेस, आणि हे कोंबडा मेल्यावर सांगतेस."

रस्सा तिने शेजारच्या बाळंतिणीकडे पाठवला. मग आमचं रोजचंच जेवण वाढलं: मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी. पाहुण्यांना पाला वाढताना तिची मान वर होत नव्हती.

रोहिणीने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे वळली. "अगं, यात दाण्याचं कूट आहे." तिने भाजी दोनदा मागून घेतली.

त्यांच्या घरीही भाजीत कूट घालतात असं मी सांगितलं, तेव्हा मायीला ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी तिने रोहिणीच्या हातात मुसळ दिलं आणि बाजूला बसून बघत राहिली. "लोहिनीला सांग, हळू," ती म्हणाली. "दाण्यांनी तिचं काही बिघडवलेलं नाही." र आणि ल इथे एकच.

दोघी रोज माझ्याबरोबर शाळेत यायच्या. टोपली त्यांना दिसलीच.

"हे काय असतं?" रोहिणीने विचारलं.

"सांग, आमची प्रथा आहे," मायी म्हणाली. मी तसंच सांगितलं.

रोहिणीने मान डोलावली. पण तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली बाई ती. उपाशी पोराचा चेहरा ओळखायला तिला दुभाषी लागत नव्हता.

दुसऱ्या सकाळी रांगेत पोरांच्या मधे त्या दोघी उभ्या. माझ्यासाठी आणलेली नाचणीच्या पिठाची पाच किलोची पिशवी रोहिणीच्या काखेत.

मायीने टोपली मागे घेतली. "पाहुण्यांकडून घेत नाही मी."

"तिला म्हणावं, प्रथा आहे तर आम्हालाही पाळू दे," रोहिणी म्हणाली. "तिच्याच घरात राहतोय ना आम्ही?"

मायीने माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू बोललीस?"

"नाही."

मागची पोरं चुळबुळ करायला लागली.

"पिशवी घरी ठेवायची," मायी शेवटी म्हणाली. "रोज एक मूठ. सगळ्यांसारखी."

मग उरलेले दिवस त्या दोघी रोज मूठ मिटून रांगेत उभ्या राहिल्या. पुढची पोरगी वळून वळून त्यांच्या मुठींकडे बघायची. त्या गेल्यावर राहिलेली नाचणी मी तशीच, मुठीमुठीने, घातली.

गाडी मार्चच्या मध्यावर आली. टोपली सुरू झाल्यापासून तोवर लापशी एकही दिवस चुकली नव्हती. पोती उतरवताना संस्थेच्या माणसाने मुख्याध्यापकांना विचारलं, "मधल्या काळात मुलांचं काय केलंत?" त्यांनी मायीकडे बोट दाखवलं. ती एकेका पोत्याला नाक लावून हुंगत होती.

"याला ओल लागलीय," ती त्या माणसाला म्हणाली. "हे परत न्या."