शेजारणीचे झिंगे

नीलाबाईंच्या झिंग्यांकडे पासपोर्ट नव्हता, पण सौंदडातल्या बहुतेक माणसांपेक्षा विमानप्रवास त्यांनाच जास्त घडला होता.

उन्हाळ्यात तलाव उतरला की धुरपता मासोळीची टोपली घेऊन दारात येई. नीलाबाई एकेक झिंगा दोन बोटांत धरून पारखत. सराफाच्या दुकानात बायका इतका वेळ घेत नाहीत. मग चार दिवस छतावरचं ऊन, मग मिशा आणि डोकी खुडणं, मग लोखंडी तव्यावर मंद भाजणं. ते चाललेलं तीन गल्ल्यांना न सांगता कळे. शेवटी तीन पिशव्यांत गुंडाळलेला डबा गोंदियाच्या कुरियरच्या दुकानात जाई.

"माताजी," तिथला माणूस नाकाला रुमाल लावून विचारी, "अंदर जो है, मरा हुआ ही है ना?"

"बेटे का खाना है. नाक नहीं, वजन देखो," नीलाबाई बजावत.

पत्ता त्या स्वतः लिहीत. वीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. तालुक्याच्या बैठकीत फळा लिहायला त्यांनाच उठवत. इंग्रजीतलं 'टोरांटो' तर त्या असं काढत, की खुद्द टोरांटोवाल्यांनी फ्रेम करून लावावं.

राजदीप २००६ साली तिकडे गेला. डबा पोहोचला की रविवारी त्याचा फोन येई. "माय, दोन दिवसांत फस्त!" एवढं एक वाक्य. पण नीलाबाईंना ते वर्षभर पुरे. "पोरगा बोलाले इंग्रजी शिकला," त्या नवऱ्याला सांगत, "पन जीभ आपलीच हाय. मायले विसरला नाही." भोजराज मान हलवीत. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेलेली. तोंडाचं फाटकही बहुतेक वेळा बंदच असे.

२०१२ च्या डिसेंबरात दारासमोर भाड्याची पांढरी गाडी थांबली. आतून पुण्याकडचं एक तरुण जोडपं उतरलं. टोरांटोत राजदीपच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणारं. नवेगावला पक्षी बघायला निघाले होते, कुरियरच्या पाकिटावरचा पत्ता जवळ होता, म्हणून राजदीपला न सांगताच आले. त्याला गंमत वाटेल म्हणे.

नीलाबाईंनी चहा ठेवला. पाहुणी गोड होती, बोलकी होती. तिची नजर भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंवर थांबली, तिथून नीलाबाईंच्या मोकळ्या गळ्यापर्यंत आली आणि गोंधळून चहाच्या कपात उतरली.

"काकू, तुमच्याकडे माळ आहे ना? मासे-मटण घरात येत नाही, राजदीपनं सांगितलंय. म्हणून केकसुद्धा बिनअंड्याचा आणलाय."

नीलाबाईंना वाटलं, ही घर चुकली. पण केकवर 'राजदीपच्या आईबाबांना' असं स्पष्ट लिहिलं होतं.

"आणि खरं सांगू?" पाहुणा पुढे सरकला. "आम्ही तुमच्या शेजारणीलाही भेटायला आलोय. दरवर्षी झिंगे पाठवतात ना, त्या! राजदीप हात लावत नाही. पाकीट न फोडताच आमच्याकडे आणून देतो. काय चव असते! दोन दिवसांत फस्त!"

"पत्ता तुम्हीच लिहून देता ना?" पाहुणी म्हणाली. "त्या बिचाऱ्या अडाणी आहेत म्हणे."

आत चुलीवर त्याच वेळी वांगे-झिंगे रटरटत होते. पाहुणीनं खोल श्वास घेतला. "अय्या, हा तर तोच वास! अगदी भिंतीला भिंत लागून घर दिसतंय त्यांचं."

भोजराज छताकडे बघू लागले.

"हो," नीलाबाई म्हणाल्या. पोरगं उघडं पडलं की आईचा हात आधी पदराकडे जातो.

गल्लीत गाडी उभी आणि अनुसयाबाई घरात बसून राहिल्या, असं कधी झालेलं नव्हतं. खऱ्याखुऱ्या शेजारीण. त्या दारात दिसताच पाहुणीनं धावत जाऊन त्यांचे दोन्ही हात धरले. "काकू, तुमच्या हाताला काय चव आहे हो! तुमच्या झिंग्यांवर आमचा अख्खा हिवाळा निघतो!"

अनुसयाबाईंनी आपल्या हातांकडे नवलानं पाहिलं. त्यांना चव असल्याचं चाळीस वर्षांत नवऱ्यानंही सुचवलं नव्हतं. आलेलं कौतुक परत कायले पाठवा?

"होय जी," त्या लाजून म्हणाल्या. "लेकरासारखाच हाय तो. पाठवून देतो थोडंसं."

नीलाबाईंनी कप खाली ठेवला. पोराचं खोटं त्यांनी गिळलं होतं. हे घशात अडकलं.

"अनुसया, मिशा कधी खुडतेस वं? भाजाच्या आंधी का मंग?"

"कोनाच्या मिशा वं?"

नीलाबाई आत गेल्या आणि चुलीवरचा वांगे-झिंग्यांचा गंजच उचलून घेऊन आल्या. "ते शेजारीन मीच होय जी. आमच्या घरी माळ नाही. कधी नोहती. आनि मी अडानी बी नाही. आता जेवता का?"

दोघं जेवली. पाहुण्यानं मान वर न करता दोनदा भात घेतला. पाहुणीच्या डोळ्यांना पाणी होतं; तिखट होतं, म्हणू या. जाताना ती हळूच म्हणाली, "काकू, त्यानं असं का बरं सांगितलं?"

"त्याले पुसा. मले तं तुमच्याकडूनच समजलं."

अनुसयाबाई मात्र केकचा तुकडा पदरात घेऊनच गेल्या.

रविवारी फोन वाजला. नेहमी सकाळी येणारा, तो संध्याकाळी आला. नीलाबाईंनी उचलला.

"माय?"

"शेजारीन बोलून राहिली."

"माय, तसं नाही वं. इथं लोक पहिल्याच भेटीत आडनाव, गाव, काय खाता, सगळं विचारतात. एकदा तोंडातून निघून गेलं, मग..."

"सहा वर्सं निघूनच राहिलं?"

"माय, ऐक ना..."

"तुझी माय भजनाले गेली बापू. माळकरी हाय ना ते." आणि त्यांनी फोन ठेवला. आपटला नाही, सावकाश ठेवला.

भोजराजांचं फाटक त्या दिवशी उघडलं. "दोन शब्द बोलाचं होतं वं. इतक्या दुरून फोन केला त्यानं."

"ज्या मायसंग त्याले बोलाचं होतं, ते या घरात राहतच नाही," नीलाबाई म्हणाल्या. "मंग मी कोनाले बोलावू?"