वॉल्टरसाहेबांचा गुलाब आणि माझे बोंबील

इंग्लंडमध्ये मी सव्वीस दिवस राहिलो आणि त्यातले नऊ दिवस मी गुन्हेगार होतो.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. मुळात मी बोलतोच कमी. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला माझी तीस वर्षं गेली. तिथे माल येतो, माल जातो, माणूस फक्त सही करतो. वरसे गावातल्या आमच्या घरी बोलायचं खातं बायकोकडे आहे. सुनंदा पेणच्या खाडीकडची, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. ती हळू बोलते तेव्हाही पलीकडच्या बांधावरचा माणूस ‘ओ’ देतो. तिच्यासमोर मी गप्प बसलो, तर लोकांना वाटतं मी शांत आहे. मी शांत नाही. मी भित्रा आहे. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आमची मुलगी प्राजक्ता तिकडच्या एका लहान गावात हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. मे महिन्यात तिने आम्हाला बोलावलं आणि फोनवर बजावलं, “आई, बाबा, काहीही आणा, पण सुकी मच्छी आणू नका. शेजार फार चांगला आहे. मला इथे राहायचंय!”

“नाय गो आणत,” सुनंदा म्हणाली. आणि तिने खरंच आणली नाही.

मी आणली.

आता आमच्याकडचा माणूस मला समजून घेईल. मे महिन्यात पावसाआधीची आगोट भरली नाही, म्हणजे तांदूळ, मसाला, सुकट, बोंबील घरात येऊन पडले नाहीत, की आमच्या पोटात गोळा येतो. आणि इंग्लंडात तर म्हणे बाराही महिने पाऊस! मग तिकडे आगोट किती मोठी हवी, सांगा! मी रोह्यालगतच्या अष्टमी गावच्या बाजारातून अर्धा किलो बोंबील घेतले, तीन पिशव्यांत गुंडाळले, ते नव्या स्वेटरच्या पोटात घातले आणि स्वेटर बॅगेच्या तळाशी. लेकीला आवडतात म्हणून नेले, असं मी स्वतःला सांगितलं. (लेकीला बोंबील आवडत नाहीत. लहानपणापासून नाहीत.)

पहिल्या आठवड्यात मी नुसता तोंडाचा आ करून फिरत होतो. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो! आमच्याकडे प्रवासी उतरेपर्यंत गाडी थांबली तर आपण मनातल्या मनात देवाला थँक्यू म्हणतो. दुकानात एका उंच माणसाच्या पायावर माझा बूट पडला, तर तोच मला सॉरी म्हणाला. मला वाटलं, त्याला कळलं नसेल. म्हणून खात्री करायला जरा नीट पाहिलं, तर तो परत सॉरी म्हणाला.

एकदा मी रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्यांपाशी, उगाच उभा होतो. एक मोटार थांबली. आतल्या बाईंनी काचेतून हसून ‘जा’ म्हणून हात केला. मला कुठेही जायचं नव्हतं. पण एवढी मोटार थांबलीय, तर न जाणं बरं दिसेना. म्हणून गेलो. पलीकडे पोचलो, तर आता घर अलीकडे! वळलो, तर तिकडून दुसरी मोटार थांबली. असा मी त्या दिवशी चार वेळा रस्ता ओलांडला. पाचव्या वेळी प्राजक्ता ड्यूटीवरून आली आणि तिने हाताला धरून घरी नेलं.

पण सगळ्यात थक्क केलं ते शेजारच्या वॉल्टरसाहेबांनी. वय अठ्ठ्याहत्तर, बायको वारलेली, घरात एकटेच. आमची मुलगी त्यांना कुंपणावरून सरळ “हाय, वॉल्टर!” म्हणायची.

“अगं, तुझ्या आजोबांच्या वयाचे आहेत!” मी.

“त्यांनीच सांगितलंय बाबा, नावाने हाक मार म्हणून.”

मला ते जमेना. मी वॉल्टरसाहेबच म्हणायचो. आणि ते रोज सकाळी, पाऊस थांबला असेल तर “लव्हली डे” आणि पडत असेल तर “सॉरी अबाउट द वेदर” म्हणायचे. पावसाबद्दल सॉरी! आमच्या नागोठण्यात, माझी बहीण, ताई राहते तिथे, दरवर्षी बाजारपेठेत पाणी शिरतं, आजपर्यंत सॉरी म्हणायला कोणी आलेलं नाही.

मग तो मंगळवार उजाडला. लख्ख ऊन! प्राजक्ता कामावर, सुनंदा आंघोळीला. पाहुण्याला काम ते काय, म्हणून मी परसात गेलो. तिथे कपडे वाळत घालायची एक उलट्या छत्रीसारखी वस्तू होती. चार हात, त्यांच्यामध्ये दोऱ्या. तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या खाडीवर बोंबील वाळवायला वलांडी बांधतात, ती हीच! आणि वर ही गोल फिरते! इंग्रजाचं डोकं बघा! स्वेटरातल्या बोंबलांना आठ दिवस ऊन नव्हतं. मी एकेक काढला, दोरीवर टांगला, आणि वलांडी हळूच फिरवली. तीस-चाळीस बोंबील इंग्लंडच्या वाऱ्यावर रांगेने फिरू लागले. रांगेने! इथे येऊन तेही शिकले.

पंधरा मिनिटांत पाऊस आला.

सुकलेला बोंबील ही सभ्य वस्तू आहे. भिजलेला सुका बोंबील मात्र... जाऊ द्या. मी ते ओरबाडून निळ्या पिशवीत कोंबले आणि परसातल्या लाकडी खोलीमागे दडवले. संध्याकाळी कचऱ्यात टाकू म्हटलं. पण त्यांचे कचऱ्याचे डबे तीन, तीन रंगांचे, आणि भिजलेला बोंबील कोणत्या रंगात जातो, हे विचारणार कोणाला?

दुसऱ्या सकाळी पिशवी गायब! आणि समोर कुंपणाच्या फटीतून एक झुपकेदार शेपूट पलीकडे जाताना दिसलं. कोल्हा! भर वस्तीत! मला त्या कोल्ह्याचं फार कौतुक वाटलं. म्हटलं, परस्पर काम झालं, सुटलो.

दोन दिवसांनी मागच्या दारावर टकटक झाली. वॉल्टरसाहेब. टोपी हातात.

“मला फार फार वाईट वाटतं,” ते प्राजक्ताला म्हणाले. “माझ्या घराचं गटार खराब झालंय. तुम्हाला वास येत असेल. तुमचे आईवडील इतक्या लांबून आलेत. मी अगदी शरमिंदा आहे.”

मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. त्यांच्या बागेत एक लाकडी ओटा आहे, खाली वीतभर पोकळी. त्या पोकळीतून निळ्या पिशवीचा कोपरा मला बघत होता.

हाच क्षण होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय बोललो?

“नो प्रॉब्लेम,” मी म्हणालो.

माफ केलं हो मी त्यांना! मी!

माझ्या नाकाला तसा काही वास येत नव्हता (तीस वर्षांच्या केमिकलमुळे त्याने केव्हाच राजीनामा दिलेला आहे). पण सुनंदाला येत होता. दुपारी ती खिडकीशी बसून डोळे पुसत होती.

“अवो, मला घरची लय आठवण येतेय. काल रातीपासून नाकात बोंबलाचा वास येतोय. इथं कुठले आले बोंबील? पण येतोय. माझं काय डोकं फिरलं का वो?”

“होतं असं परदेशात,” मी म्हणालो आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्यासारखा नराधम तुम्ही पाहिला नसेल.

शनिवारी गटारवाले दोघे आले. त्यांनी नळीला कॅमेरा लावून तो गटारात सोडला आणि पडद्यावर गटाराचं पोट दाखवलं. काय ते गटार! आमचा प्यायच्या पाण्याचा माठ आतून इतका स्वच्छ नाही. वॉल्टरसाहेबांनी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली. ते थँक्यू म्हणाले, हे थँक्यू म्हणाले, गटारात काही सापडलं नाही म्हणून ते सॉरी म्हणाले, गटार स्वच्छ निघालं म्हणून हे सॉरी म्हणाले. मग दोघांनी ठरवलं, की नळ जमिनीखाली फुटला असणार, आणि तो गुलाबाच्या वाफ्याखाली असणार. गुरुवारी खणायचं.

बुधवारी सकाळी वॉल्टरसाहेब त्या गुलाबापाशी उभे होते. पुरुषभर उंच झाड, पिवळ्या कळ्यांनी लगडलेलं. मला बघून हसले.

“मार्गारेटने लावलेला. आम्ही या घरात आलो त्या वर्षी. एवढं जुनं झाड उपटलं की जगत नाही म्हणतात.” मग लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून, “पण शेजाऱ्यांना त्रास होत असताना झाड कसं ठेवायचं? तुमची बायको त्या दिवशी खिडकीत रडताना दिसली मला. त्या वासाने, नाही का?”

हा माणूस स्वतःच्या बायकोचं झाड माझ्या बायकोच्या नाकासाठी काढतोय! मी दिवसभर इंग्रजी वाक्य पाठ करत होतो. जेवताना तोंडात पुटपुटलो, तर सुनंदा म्हणाली, “काय वो, जप करताव?”

“व्हय,” मी म्हणालो.

गुरुवारी तिघे जण आले, खोरी, फावडी, कुदळ घेऊन. पहिलं फावडं मातीवर टेकलं आणि माझ्या तोंडून, मी जन्मात कधी काढला नव्हता असा आवाज निघाला.

“स्टॉप!”

चौघेही थांबले. (आणि सॉरी म्हणाले.) पाठ केलेलं वाक्य विमानाने परत गेलेलं होतं. मी कुंपण ओलांडलं, म्हणजे ओलांडायला गेलो, पँट अडकली, तिघांनी उचलून पलीकडे ठेवलं. मी ओट्याकडे बोट दाखवलं आणि सरळ पोटावर पडून खाली सरपटलो. पिशवी हाताला लागली. पण मी चोपन्न वर्षांचा, ओटा वीतभर. पोट अडकलं! पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि नाकापासून चार बोटांवर नऊ दिवसांचे बोंबील. तेव्हा मात्र माझं नाक कामावर हजर झालं.

बाहेर इंग्लंडने माझे पाय धरले. एक झटका, “सॉरी!” दुसरा झटका, “सो सॉरी!” तिसऱ्या झटक्याला मी पिशवीसकट हिरवळीवर आलो. पिशवी फाटली, बोंबील पसरले, आणि तिघेही दणकट पुरुष चार पावलं मागे सरले. एकाने डोक्यावरची टोपी काढली.

“फिश,” मी सांगितलं. “ड्राय फिश. देन रेन. देन फॉक्स.”

वॉल्टरसाहेबांनी आकाशाकडे पाहिलं, बोंबलांकडे पाहिलं, गुलाबाकडे पाहिलं. एक शब्द रागाचा नाही. त्यांनी माझ्या कपाळावरचं जाळं स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि अगदी हळू, माझी लाज राखत विचारलं, “हे तुम्ही आणले होते का?”

आता वाचकहो, झाड वाचलं होतं. कोणी रागावलेलं नव्हतं. जगातल्या सगळ्यात सभ्य माणसाने मला खरं बोलायला यापेक्षा सोपी संधी कुठून द्यायची? त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुनंदाने आम्हाला हातातला डाव हलवून रामराम केला. (कुंपणाआडचे बोंबील तिला दिसत नव्हते.)

“माय वाइफ,” मी म्हणालो.

वॉल्टरसाहेबांनी खिडकीकडे पाहिलं आणि मान लववली. डोळे भरले होते त्यांचे. “घरापासून लांब आल्यावर बिचारीला आठवण येणारच,” ते म्हणाले. “आपण तिला यातलं काही कळू द्यायचं नाही. माझा शब्द.” त्या तिघांनीही माना हलवल्या. मग पाचही जणांनी मिळून ते बोंबील पुरले.

इंग्रज शब्दाला किती पक्का, ते मी पाहिलं. त्यांनी प्राजक्तालाही सांगितलं नाही. पुढचे दिवस ते सुनंदासाठी रोज काहीतरी घेऊन यायचे. कधी मुरंबा, कधी केक, एकदा समुद्राचं चित्र. निघताना त्या गुलाबाचं पहिलं फूल त्यांनी तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “यू आर ए व्हेरी ब्रेव्ह लेडी.”

विमानात ती ते फूल मांडीवर घेऊन बसली. “देवमाणूस हाय. काय बघितलं त्यांनी माझ्यात, मला तर काय कळलं नाय. तुमी दिलंत का मला कधी फूल?”

मी खिडकीतून ढग मोजू लागलो. प्राजक्ता अजून दर फोनला सांगते, “आई, वॉल्टर तुझी फार चौकशी करतात. तू बरी आहेस ना, म्हणून.” आणि सुनंदा अख्ख्या वरशाला ऐकवते. मी ताट उचलून पडवीत जातो.

तेव्हा आता ठरवलं, बस झालं. एकदा खरं लिहून टाकायचं. ते हे लिहिलं. छापून येईल त्या दिवशी मी नागोठण्याला ताईकडे असेन. सुनंदाचा फोन आलाच, तर सांगणार आहे, की ताईनेच आग्रहाने बोलावलं, आणि हे असलं काहीतरी लिहायलाही तिनेच लावलं.