काचेतलं पोलकं

माझा मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. गेल्या सुट्टीत त्यानं पनामाहून माझ्यासाठी एक पोलकं आणलं. तिकडच्या कुना नावाच्या आदिवासी बायका ते हातानं शिवतात आणि रोजच्या रोज अंगात घालतात. लाल, काळं, पिवळं कापड एकावर एक ठेवायचं, वरचं कापायचं, कडा आत दुमडून बारीक टाके घालायचे, की खालचा रंग वर डोकावतो. त्यातून छातीवर समोरासमोर दोन पक्षी उमटले होते. एकदा म्हणे सरकारनं त्यांना हे कपडे घालायला बंदी केली, तर त्यांनी सरळ बंड केलं.

"आई, तू घालच हे," असं सांगून मुलगा जहाजावर परत गेला. सल्ला देऊन समुद्रात निघून जाणं फार सोयीचं असतं.

कोल्हारच्या घरात मी आणि सासूबाई राहतो, दोघीही विधवा. आम्ही ख्रिस्ती. आमच्यात विधवेनं अमुक रंग घालू नये असलं काही मानत नाहीत. नवरा गेल्यावर हे मला कितीतरी बायकांनी समजावून सांगितलं आणि जाताना प्रत्येकीनं एकेक मोतिया साडी दिली. आता माझ्या कपाटात मोतिया, बदामी, राखाडी आणि पुन्हा मोतिया अशी रंगांची उधळण आहे. आमच्याकडे बंदी कोणी घालत नाही, त्यामुळे बंड तरी कोणाविरुद्ध करणार? सासूबाई तर सासरे गेल्यापासून पांढरंच नेसतात. त्या मला कधी काही बोलल्या नाहीत, नुसत्या समोर पांढऱ्या बसून असायच्या. मला त्याचाच राग यायचा.

संगमनेरची नणंद आली, तिनं पोलकं पाहिलं. "अगबाई, वहिनी, ही तर कला आहे! फ्रेमच करायला हवी." मला ते घालायचंय हे मी सांगेपर्यंत ते तिच्या पिशवीत गेलं होतं. आठवड्याभरानं सोनेरी चौकटीत, काचेआड, बाह्या मागे दुमडून परत आलं. तिनं स्वतः उभं राहून ते बैठकीत टांगून घेतलं. येणारेजाणारे कौतुक करू लागले. पाळकसाहेबांनी विचारलं, हे नोहाच्या तारवातले पक्षी का? मी हो म्हटलं. रंग भिंतीवर असला की कोणाचीच हरकत नसते. मी त्याच्याखाली बदामी साडीत उभी राहून चहा द्यायची.

मग नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. मानाची साडी घेऊन नणंद आली. मोतिया. "तुम्हाला शोभेल अशीच बघितली हो." त्या रात्री मी मनातल्या मनात जे शब्द वापरले, ते लग्नघरी चालण्यासारखे नव्हते.

लग्नाच्या सकाळी मी फ्रेम खाली काढली, मागचा कागद भाजीच्या सुरीनं फाडला, टाचण्या उपटल्या आणि पोलकं अंगात चढवलं. ते जरा ढगळच झालं. वर तीच मोतिया साडी नेसले. आरशात पाहिलं आणि मला हसूच फुटलं, इतकी मी मला आवडले.

हे शौर्य संगमनेरच्या चर्चच्या फाटकापर्यंत टिकलं. गाडीत सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. फाटकात उभ्या असलेल्या बायका दिसल्या आणि माझा धीर सुटला. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन पार गळ्यापर्यंत ओढला. पण फुग्याची लाल बाही काही झाकेना, आणि नणंदेचे डोळे तीक्ष्ण.

"वहिनी, हे भिंतीवरचं ना? म्हणजे आपल्यात तसं काही नाही, पण चारचौघांत... पदर असाच राहू द्या बाई." मग ती सासूबाईंकडे वळली. "आई, तू तरी सांग ना वहिनींना."

"सांगते की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझा पदर धरला आणि दोन्ही खांद्यांवरून ओढून खाली केला. "कुना बाईनं डोळं फोडून शिवलं आसंल हे. झाकतीस कशापाई? आन् मागल्या अंगाला बी पाखरं हायेत. दिसू दे की लोकान्ला."

नणंद पाहुण्यांकडे निघून गेली. आत मी एका बाकावर बसले, सासूबाई बरोबर माझ्या मागच्या बाकावर. पाळकसाहेब नवराबायकोच्या कर्तव्यांबद्दल सांगत होते, तेवढ्यात माझ्या पाठीवर एक बोट टेकलं. ते चोचीवरून, पंखावरून, एकेका टाक्यावरून हळूहळू फिरत राहिलं.

"मला लाल लई आवडायचा," मागून कुजबुज आली.

सगळे प्रार्थनेला उठले. ते बोट अजून माझ्या पाठीवर होतं. मी उठले नाही.