गोपिकाबाईचा डोंगा

गोपिकाबाईचं सासर नदीच्या या काठाला आणि माहेर त्या काठाला. लग्न झालं तेव्हा हिवाळ्यात लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, की ती नदी ओलांडून थोरल्या बहिणीला भेटून यायची. मग खाली धरण झालं. नदी फुगली, माहेरचं गाव उठून टेकाडावर जाऊन बसलं, आणि मध्ये एवढं पाणी पसरलं की समोरचा माणूस मुंगीएवढा दिसावा. आता बहिणीकडे जायचं तर नागपूरला जाऊन दुसरी एसटी धरायची.

बहीण कौशल्या फोनवर म्हणायची, "मी काठावरून हात हलवून राहिली वं. दिसते का?"

"मले तर बगळा दिसून राहिला!"

दोघी हसायच्या. फोन ठेवल्यावर गोपिकाबाई मात्र पाण्याकडे बघत राहायची.

पन्नाशी उलटल्यावर एक दिवस ती नत्थूजींकडे गेली. ते धरणात मासे धरायचे. "मले डोंगा चालवाले शिकवा," ती म्हणाली.

"काहून? मीच पोचवून देतो ना."

"तुमच्या सवडीनं नाही, माह्या मनानं जायचं आहे मले."

पहिल्या दिवशी डोंगा जागीच गरगर फिरला. काठावरून नवरा, देवराव, ओरडला, "तेलाचा घाणा चालवून राहिली का वं?" तिला इतकं हसू आलं की वल्हंच हातातून सुटलं. तळहाताला फोड आले, तरी हळद लावून ती रोज जायची.

संक्रांतीनंतर कौशल्याच्या नातीचं बारसं निघालं. गोपिकाबाईनं लुगड्यावर लाइफ जॅकेट चढवलं, तिळाचे लाडू घेतले आणि नत्थूजींकडून घेतलेल्या जुन्या डोंग्यातून निघाली. नत्थूजी आपल्या डोंग्यातून मागे होते. मध्यावर वारा सुटला, डोंगा डोलू लागला.

"वाऱ्याकडे तोंड ठेवा, बाई!" नत्थूजी ओरडले.

ती दातओठ खाऊन वल्हवत राहिली. हळूहळू काठावरच्या मुंग्यांना चेहरे फुटले. कौशल्या नव्या लुगड्यानिशी कमरेएवढ्या पाण्यात शिरली.

"अवं, ओली होशील ना!"

"होऊ दे वं!" म्हणत तिनं बहिणीला डोंग्यासकट कवेत घेतलं.

आता या काठावरच्या, पलीकडे माहेर असलेल्या बायका गोपिकाबाईसोबत हक्कानं माहेरी जातात. जाताना इतक्या मोठ्यानं गातात, की मासे पळतात अशी नत्थूजींची तक्रार आहे. बायकांनी गाणं काही थांबवलं नाही. नत्थूजींनीच मग जाळं दूर नेलं.