मीठ, बर्फ आणि कमलाकाकू

न बोलणाऱ्या माणसाजवळ किस्से फार साचतात. बोलणारे सांगून मोकळे होतात. आमच्यासारखे मुके ते पोटात ठेवून भांडी घासत राहतात. लग्न होऊन मी समुद्रपूरला आले तेव्हा सासरी कुणी माझा आवाज नीट ऐकला नव्हता. पण मला सगळं ऐकू येत होतं! त्यात आमच्या गल्लीत संशय घ्यायची कला इतकी भरात, की नुसतं ओसरीवर बसलं तरी दिवसाला एखादा किस्सा पदरात पडायचा.

माहेरी वर्ध्याला मी बालवाडीत शिकवायचे. इथे उन्हाळ्यात गल्लीतली लेकरं उघड्या डोक्यानं उन्हात भटकताना पाहिली आणि एक दिवस धीर करून सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, सकाळी ओसरीवर लेकरं बसवू का?" लग्नानंतरचं ते माझं सगळ्यात लांब वाक्य.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "काऊन?"

"खेळवीन. गाणी शिकवीन."

"फुकट?"

"हो."

फुकट म्हटल्यावर त्यांचा संशय दुप्पट झाला! "बसव. पन एक तक्रार आली का त्या दिवशी ओसरी बंद. मंग रडाचं नाई."

तक्रार कुठून येईल हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. समोरच्या दारातून. तिथे कमलाकाकू राहायच्या, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरच्या. त्यांची नजर रोज आधी माझ्या पोटावर यायची, मग तोंडावर. "काही बातमी?" लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं! त्यांची चार वर्षांची नात छबी माझी पहिली विद्यार्थिनी. संशय तिला वारशानं मिळाला होता.

*

आईस्क्रीम आमच्या ओसरीवर आलं ते खेळ म्हणून. लेकरांना गारेगार माहीत, बर्फाचा गोळा माहीत. आईस्क्रीम एकानंच खाल्लेलं, तेही नागपूरला मामाच्या लग्नात. बाकीच्यांनी त्याच्या तोंडून नुसतं ऐकलेलं. म्हणून दुकान काढलं. पळसाच्या पानाचे कोन, वर कापसाचा गोळा. हळद भुरभुरली की मँगो, गुलाल भुरभुरला की स्ट्रॉबेरी.

पहिलं गिऱ्हाईक छबी. मी कोन पुढे केला. तिनं वास घेतला, खालून भोक आहे का पाहिलं आणि म्हणाली, "पयले तू खा."

मी खाल्ल्यासारखं केलं.

"गिळ."

गिळल्यासारखंही केलं.

"आता तोंड उघडून दाखव!"

*

कापूस संपला तसा छबीनं घरून फ्रॉकच्या ओच्यात भरून आणला. मला वाटलं, उशीतला असेल. थोड्या वेळानं कमलाकाकू आल्या. कोनातला कापूस उचलला, दोन चिमटींत धरून ओढला, धागा उजेडात धरला. आमच्याकडे लोक कापसाचा धागा ओढून बघतात आणि कुणाच्या वावरातला ते सांगतात.

"हा तं आमच्या घरचा होय! लांब धाग्याचा! इथी कसा आला वं?"

सासूबाई दारात आल्या. ओसरी गेली!

तेवढ्यात दुकानदार झालेली छबी कमरेवर हात ठेवून आजीवर ओरडली, "आजी, मधात काऊन घुसून राह्यली? लाइनीत ये!"

कमलाकाकू लाइनीत गेल्या नाहीत, पण घरी गेल्या. सासूबाई म्हणाल्या, "हे तक्रार नाई. हे चौकशी होय." ओसरी वाचली.

*

कापूस बंद झाल्यावर मी पीठ घेतलं. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून त्यात गुलाबाच्या सरबताचे थेंब टाकले आणि लेकरांनी त्याचे गोळे वळून वाट्यांत मांडले. दिसायला असं, की मलाही खावंसं वाटलं.

सासूबाई आल्या. पिठाशी खेळताना पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्या सगळे गोळे परातीत गोळा करून आत घेऊन गेल्या. दिवसभर मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अन्नाशी खेळ, म्हणजे आता रात्री हे आले की निकाल!

हे जेवायला बसले. एक घास घेतला, भाकर उजेडाकडे धरली. "आई, आज भाकर गुलाबी काऊन आहे? अन् गोड लागते!"

"चूप खा," सासूबाई म्हणाल्या. "आईस्क्रीम आहे."

*

मग खरं काहीतरी खाऊ घालावं म्हणून केळी कुस्करली, त्यात साय, गूळ, वेलदोडा. लेकरांनीच घोटलं. वाट्या माठाखालच्या ओल्या रेतीत तासभर ठेवल्या. आईस्क्रीम नव्हे, पण गार झालं. लेकरांनी बोटं चाटून संपवलं.

सासूबाईंना एक वाटी दिली. त्यांनी ती लांबूनच न्याहाळली. "थंड मले चालत नाई. दात ठनकते. अन् शिकरनीले आईस्क्रीम म्हनून कोनाले फसवून राह्यली?" वाटी तशीच कोनाड्यात ठेवली.

संध्याकाळी वाटी रिकामी! मी विचारलं तर म्हणाल्या, "मांजर आली असन."

असेल. त्या मांजरीनं वाटी धुऊन पालथी घातली होती.

*

आता लेकरं ऐकेनात. खरं आईस्क्रीम पायजे! माहेरी आईस्क्रीमचा पॉट होता: लाकडी बादली, मधे पत्र्याचा डबा, वर फिरवायचा दांडा. बाबांनी तो बसवर टाकून पाठवला. सासूबाईंनी दांडा एकदा फिरवून पाहिला आणि कान लावून ऐकलं. काय ऐकलं ते सांगितलं नाही.

बर्फ मात्र हिंगणघाटहून आणायचा होता. ह्यांनी भुशात लपेटलेली लादी पोत्यात घालून एसटीत ठेवली. अर्ध्या वाटेत पोतं गळायला लागलं. पाण्याचा ओघळ थेट कंडक्टरच्या बुटापर्यंत!

"मच्छी आहे काय?"

"बर्फ आहे."

"मच्छीवालेही असंच सांगतेत. खोला!"

ह्यांनी पोतं उघडलं. कंडक्टरनं भुशात हात घातला, वास घेतला, शेजारच्या म्हाताऱ्याला वास दिला. म्हातारा म्हणाला, "मच्छी नाई. पन बर्फाच्या खाली असन." मग अख्ख्या बसनं वास घेतला! हे घरी आले तेव्हा पोतं निम्मं झालं होतं आणि ह्यांचं तोंड बर्फापेक्षा थंड.

"लग्नाच्या आधी सांगाचं होतं," हे म्हणाले, "का तुले आईस्क्रीम येते म्हनून."

*

आणि मग तो दिवस.

डब्यात दूध, साय, साखर, आंब्याचा रस. डब्याभोवती बादलीत बर्फ, आणि बर्फावर मुठी मुठी खडे मीठ. मीठ पडल्याशिवाय डब्यातलं दूध गोठत नाही. लेकरं गोल करून बसली. एकेकानं पाळीनं दांडा फिरवायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवून म्हणायचं, "फिर फिर बाई, गोठ गोठ बाई!" हे गाणं मीच रचलेलं.

छबीनं माझी पाठ वळलेली पाहून बादलीतला बर्फ चाटला. तोंड वेडंवाकडं झालं. "नवीकाकू, आईस्क्रीम रडून राह्यलं! खारं लागते!" आणि समजवायच्या आत ती चमचा आणायला घरी पळाली.

चमच्यासोबत कमलाकाकू आल्या. आणि त्यांच्यामागे गल्लीतल्या आणखी चारपाच बाया.

छबीनं घरी काय सांगितलं असेल ते मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. नवीकाकू मीठ टाकते, गोल गोल फिरवते, आम्हाले काही काही म्हनाले लावते. एकही शब्द खोटा नव्हता!

कमलाकाकू पायरीच्या खालीच थांबल्या. "हे पाहा बायाहो. दुसऱ्याचे लेकरं गोल बसवले. मधात भांडं. वरून मीठ. अन् मंत्र! सोताले काही बातमी नाई, मंग दुसऱ्याच्या लेकराइवर काय करून राह्यली हे?"

एका बाईनं आपलं लेकरू दंडाला धरून उठवलं. मग दुसरीनं. टाळ्या थांबल्या. दांडा माझ्या हातातच थांबला. माझ्याकडे बर्फाचं, मिठाचं सगळं उत्तर होतं. पण ते माझ्या त्या सगळ्यात लांब वाक्याहूनही लांब होतं. आता हे नुसतं ओसरीचं राहिलं नव्हतं. एकदा असं नाव पडलं की त्या गावात बाईच्या सावलीलाही लेकरू उभं करत नाहीत.

सासूबाई आतून आल्या. तांदूळ निवडत होत्या, सूप हातातच होतं.

"तक्रार आहे काय, कमला?"

"आहे! सरळ तक्रार आहे!"

"बरं."

त्यांनी सूप खाली ठेवलं. माझ्याजवळ आल्या. मी डोळे मिटले. खडखड आवाज आला म्हणून उघडले, तर त्या मिठाच्या पिशवीत हात घालत होत्या. मूठभर खडे मीठ घेतलं आणि माझ्या डोक्यावरून, खांद्यांवरून, पायापर्यंत मूठ उतरवायला लागल्या. आमच्या घरी नजर काढतात तशी. तोंडानं सावकाश, गल्लीला ऐकू जाईल असं:

"आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची..." इथे त्या थांबल्या, पायरीखाली पाहिलं, "...शेजाऱ्यापाजाऱ्याची. ज्याची लागली असन त्याची."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग सगळ्याजणी कमलाकाकूंकडे. लेकरू धरलेले हात सैल झाले.

सासूबाईंनी मूठ बादलीवर नेली आणि मीठ बर्फावर सोडून दिलं.

कमलाकाकूंना राहवलं नाही. "अवं, नजरेचं मीठ चुलीत टाकतेत! बादलीत काऊन टाकलं?"

"चुलीत टाकल्यावर आईस्क्रीम गोठते काय?" सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू थांबली काऊन वं? फिरव!"